एका पायरीचे रूपांतर

पेढीवर रोजकीर्द लिहिणाऱ्या कारकुनाचे काम बारकाईने पाहिले, तर त्यात एकच क्रिया अखंड चाललेली दिसते: हातची शिल्लक घ्यावयाची, समोर आलेली एक नोंद घ्यावयाची, आणि त्या दोहोंवरून नवी शिल्लक काढून पुढील नोंदीकडे वळावयाचे. नोंदी दहा असोत वा दहा लाख, या क्रियेचे स्वरूप तिळमात्र पालटत नाही. फंक्शनल प्रोग्रॅमिंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगणकविद्येच्या शाखेत या सबंध व्यवहाराला ‘रिड्यूस’ म्हणतात. आणि शिल्लक व नोंद स्वीकारून नवी शिल्लक परत देणारे जे छोटेसे फंक्शन त्याच्या मुळाशी असते, त्याला ‘रिड्यूसर’ म्हणतात.

ही कल्पना आजकालची नव्हे. केनेथ आयव्हर्सन यांनी 1962 साली प्रसिद्ध केलेल्या ‘ए प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ या ग्रंथात एखादी क्रिया सर्व संख्यांच्या दरम्यान घालून त्यांचे एकच फल काढण्यासाठी स्वतंत्र चिन्हच योजलेले आहे. मात्र या कल्पनेचे सामर्थ्य केवळ बेरजेपुरते नाही, हे ध्यानात येण्यास थोडा अवधी लागतो. कारण शिल्लक ही संख्याच असली पाहिजे असा कोणताही निर्बंध येथे नाही. ती एखादी यादी असू शकते. प्रत्येक संख्येचा वर्ग काढून तो यादीच्या शेवटी जोडणारा रिड्यूसर लिहिला, की प्रोग्रॅमर ज्याला ‘मॅप’ म्हणतात ती क्रिया सिद्ध होते. आणि संख्या अटीत बसली तरच ती जोडणारा, अन्यथा यादी जशीच्या तशी परत करणारा रिड्यूसर लिहिला, की ‘फिल्टर’ सिद्ध होतो.

आता प्रश्न असा, की इतके सगळे सुरळीत असताना अडचण कोठे आली? क्लोजर ही भाषा 2007 साली प्रथम प्रसिद्ध करणाऱ्या रिच हिकी यांच्यासमोर ती अगदी व्यावहारिक रूपात उभी राहिली. याद्यांसाठी लिहिलेल्या मॅप आणि फिल्टर यांना यादी म्हणजे काय हे ठाऊक होते, पण यादीखेरीज दुसरे काहीच ठाऊक नव्हते. 2013 साली क्लोजरमध्ये ‘चॅनेल’ आले. ज्यातून एकामागून एक मूल्ये वाहत येतात आणि पुढील मूल्य केव्हा येईल हे आधी सांगता येत नाही, अशी ही वाहिनी. तिच्यासाठी तोच मॅप आणि तोच फिल्टर पुन्हा नव्याने लिहावा लागला. वर्ग काढण्याच्या क्रियेचा आणि मूल्य यादीतून आले की वाहिनीतून, याचा परस्परांशी काडीमात्र संबंध नसताना ही पुनरुक्ती करावी लागावी, यात कल्पनेचे काही तरी मूलभूत विभाजन व्हावयाचे राहिले आहे, हे उघड होते.

ते विभाजन करण्याची रीत इतकी सरळ आहे, की ती समजल्यावर मनाला खरोखर आनंद होतो. वर्ग काढून यादीत जोडणाऱ्या त्या रिड्यूसरकडे पुन्हा पाहावे. त्यात दोन कामे एकमेकांत मिसळलेली आहेत: एक वर्ग काढण्याचे, दुसरे यादीत जोडण्याचे. यांतील दुसरे काम तेथून काढून घ्यावे, आणि त्या रिकाम्या जागी ‘जो कोणी पुढचा रिड्यूसर दिला जाईल तो’ असे लिहावे. मग जे उरते ते एक असे फंक्शन, की ज्याला एक रिड्यूसर द्यावा आणि ज्याने दुसरा रिड्यूसर परत करावा. हाच ट्रान्सड्यूसर. मॅपचा ट्रान्सड्यूसर मूल्य बदलून पुढच्याच्या स्वाधीन करतो. फिल्टरचा ट्रान्सड्यूसर मूल्य पसंत पडले तर पुढे देतो, नपसंत ठरले तर शिल्लक आहे तशी परत करतो. मूल्ये आली कोठून आणि शेवटी जमा होणार कोठे, याची दोघांनाही वार्ता नसते. येथे रूपांतर होते ते यादीचे नव्हे, तर शिलकेच्या एका पायरीचे. आणि माझ्या मते हिकी यांनी 2014 साली मांडलेल्या या कल्पनेचे सारे मर्म एवढ्यातच आहे.

एक उदाहरण शेवटपर्यंत चालवून पाहू. 1 ते 10 या संख्यांतून विषम संख्या निवडावयाच्या, त्यांचे वर्ग काढावयाचे, त्यांपैकी पहिले तीनच घ्यावयाचे आणि त्यांची बेरीज करावयाची. प्रत्येक टप्प्यावर पुरी यादी तयार करणाऱ्या पद्धतीत आधी पाच विषम संख्यांची यादी होते, मग पाच वर्गांची, मग तीन वर्गांची, आणि या तिन्ही याद्या बेरीज होताच टाकून दिल्या जातात. ट्रान्सड्यूसरच्या पद्धतीत मधली यादी एकही होत नाही. 1 आला, पसंत पडला, त्याचा वर्ग 1, बेरीज 1. 2 आला, पहिल्याच पायरीवर नाकारला गेला, बेरीज तीच राहिली. 3 आला, वर्ग 9, बेरीज 10. 4 नाकारला गेला. 5 आला, वर्ग 25, बेरीज 35. येथे तीनांचा कोटा भरला, म्हणून ‘घेणे’ या पायरीने बेरजेवर ‘काम संपले’ अशी खूण करून ती परत केली, आणि ती खूण पाहताच रिड्यूस थांबला. 6 पासून 10 पर्यंतच्या संख्यांना कोणी हातही लावला नाही. त्यांच्या जागी अनंत संख्या असत्या तरी उत्तर एवढ्याच श्रमात मिळाले असते.

या पायऱ्या एकत्र जोडताना नवशिक्याची हमखास गफलत होते. फंक्शनांचा संयोग उजवीकडून डावीकडे लागू होतो, हे गणितात शिकलेले असते; येथे तर ‘फिल्टर, मग मॅप’ असे लिहिले असता मूल्य खरोखरच आधी फिल्टरकडे जाते. विरोध दिसतो तेवढाच. संयोग लागू होतो तो मूल्याला नव्हे, तर रिड्यूसरला: बेरजेच्या रिड्यूसरभोवती आधी मॅपचे वेष्टन चढते, त्याबाहेर फिल्टरचे, आणि बाहेरून येणाऱ्या मूल्याला सर्वांत बाहेरचे वेष्टन प्रथम भेटते हे ओघानेच आले.

काही ट्रान्सड्यूसरांना स्मरण ठेवावे लागते. दहा संख्यांचे तीन-तीनांचे गट करणारा ट्रान्सड्यूसर तीन गट पुढे देतो, पण दहावी संख्या त्याच्या हाती राहून जाते. म्हणून क्लोजरमध्ये प्रत्येक रिड्यूसरला एक पायरी अधिक दिलेली आहे: मूल्ये संपली असे कळवले जाताच हाती उरलेले सर्व पुढे देऊन व्यवहार बंद करण्याची. 30 जून 2015 रोजी प्रसिद्ध झालेल्या क्लोजर 1.7 मध्ये ही सर्व व्यवस्था भाषेच्या मूळ अंगातच समाविष्ट झाली.

याच्या आधीचा एक प्रयत्न येथे सांगणे अगत्याचे आहे. 2012 साली हिकी यांनी ‘रिड्यूसर्स’ या नावाची लायब्ररी जाहीर केली होती, आणि तिचा रोख निराळा होता: मोठ्या संग्रहाचे, सामान्यतः 512 घटकांचे एक, असे तुकडे पाडून ते संगणकातील अनेक प्रोसेसरांना वाटून द्यावयाचे आणि आलेल्या उत्तरांचे एकीकरण करावयाचे. हे केव्हा शक्य होते? कंस कोठेही घातले तरी फल बदलत नसेल तेव्हाच. बेरीज या कसोटीस उतरते. वजाबाकी उतरत नाही, कारण 10 मधून 5 वजा करून मग 2 वजा केले तर 3 उरतात, आणि 5 मधून 2 वजा करून आलेले 3 हे 10 मधून वजा केले तर 7. मॅप आणि फिल्टर यांचे ट्रान्सड्यूसर अशा वाटणीत निर्धास्तपणे वापरता येतात, कारण त्यांना मागचे काहीच आठवावे लागत नाही; ‘पहिले तीन घे’ म्हणणाऱ्याला मात्र आतापर्यंत किती घेतले याची मोजदाद ठेवावी लागते, आणि एकाच वेळी चाललेल्या अनेक तुकड्यांत पहिले कोणते हे कोणत्याही एका प्रोसेसरला ठरवता येत नसल्यामुळे, ते काम एकाच प्रोसेसरकडे क्रमाने सोपवावे लागते.