पेरणीपूर्वीची रोकड आणि कामगंध सापळे

तेलंगणात मे २०१८ मध्ये 'रयतु बंधू' योजना सुरू झाली : प्रत्येक हंगामास एकरी ४,००० रुपये, पुढे ५,०००. कीटकशास्त्राच्या दृष्टीने रकमेहून तिची वेळ महत्त्वाची. उधारीवर निविष्ठा घेणाऱ्या कापूस उत्पादकास दुकानदार देईल ते कीटकनाशक नाकारणे अवघड जाते. पेरणीपूर्वी रोकड हाती आलेले कुटुंब एकरी दोन कामगंध सापळे लावून थांबू शकते. सलग तीन रात्री प्रतिसापळा आठ पतंग आढळले, तरच गुलाबी बोंडअळीसाठी फवारणी. टळलेल्या फवारणीचा खर्च घरात राहतो, द्रावणासाठी पाणी वाहणाऱ्या स्त्रियांचा विषाशी संपर्कही घटतो. मात्र ही रक्कम जमीनमालकाच्या नावे जमा झाली; खंडाने कसणारा वगळला गेला. उधारीची वही आणि पाठीवरचा पंप त्याच्याच वाट्याला राहिला.