तुणतुणं पुस्तकात वाजत नाही

चार वर्षांच्या मुलाला पुस्तक वाचून दाखवताना तुम्ही चित्रावर बोट ठेवता आणि म्हणता, ‘हे तुणतुणं.’ पुढच्या आठवड्यात तेच पान उघडलं की मूल ‘तुणतुणं!’ म्हणून ओरडतं. आपण खूश! पण मूल चित्राचं नाव शिकलं. आवाज ऐकून वाद्य ओळखेल का, ते अजून कळलेलं नाही. शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी वाद्यं आहेत, पण तीही बघायचीच. मग वाचनाला खऱ्या वाद्याची जोड दिली तर फरक पडतो का? हा प्रश्न तपासायचा कसा, ते बघू.

आधी एक जुना प्रयोग. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी तो १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. दोन्ही गटांतल्या पालकांनी लहान मुलांना महिनाभर पुस्तकं वाचून दाखवली. एका गटाच्या पालकांना मोकळे प्रश्न विचारायला आणि मुलाचं वाक्य पुढे वाढवायला शिकवलं होतं. दुसऱ्या गटाने नेहमीसारखं वाचलं. पहिल्या गटातली मुलं भाषेच्या चाचण्यांत पुढे गेली. पुस्तकं दोन्हीकडे होती, म्हणून श्रेय वाचण्याच्या पद्धतीला देता आलं.

आता आपली चूक कुठे होऊ शकते ते बघा. एका अंगणवाडीत तुम्ही पुस्तक वाचलंत आणि तुणतुणं हातात दिलंत. दुसरीकडे काहीच केलं नाहीत. पहिली मुलं पुढे गेली. कशामुळे? वाद्य, पुस्तक, की रोज येणारी नवी ताई? सांगता येत नाही. त्यावरून ‘वाद्यं विकत घ्या’ असा सल्ला दिलात, तर मोजक्या पैशांत चालणाऱ्या अंगणवाडीचा खर्च कदाचित फुकट जाईल.

म्हणून गट तीन हवेत: नुसतं वाचन, वाचन आणि प्रश्न, वाचन, प्रश्न आणि वाद्य. वेळ तिन्हीकडे सारखा. एकाच खोलीतली मुलं एकमेकांचं ऐकतात, त्यामुळे चिठ्ठी मुलागणिक नाही, अंगणवाडीगणिक टाकायची. अर्थात, दोन-तीन अंगणवाड्यांवर भागत नाही.

चाचणी आवाजाची घ्या. ध्वनिमुद्रण ऐकवा; समोर संबळ, तुणतुणं आणि टाळ यांची चित्रं ठेवा. नुसत्या अंदाजाने बोट ठेवलं तरी तीनदा विचारल्यावर सरासरी एकदा उत्तर बरोबर येतं. म्हणून एका उत्तरावर विसंबू नका. क्रम बदलून पुन्हा विचारा. तुणतुण्याला एकच तार असते आणि ती छेडतात. संबळ काठ्यांनी वाजवतात. ‘आवाज तारेचा की चामड्याचा?’ हेही विचारता येईल, तेही पुस्तकात नसलेल्या वाद्यांबद्दल. तिथे पाठांतर चालत नाही. आठवड्याने परत तपासा.

आणि हो, पालकांची लेखी संमती घेतलीत तरी संबळाच्या आवाजाने मुलाने कान झाकले, तर तिथेच थांबायचं. तोही त्याचा नकारच आहे.

प्रस्ताव लिहिताना ‘मुलं शिकली का?’ एवढ्यावर थांबू नका. ‘काय शिकली, आणि कशाच्या तुलनेत?’ ही दोन उत्तरं आधी कागदावर लिहा. वाद्यं त्यानंतर आणा.