काचेच्या मत्स्यपेटीवरील चरे आणि धूसरपणा

अनेक शाळांच्या प्रयोगशाळेत व काही ग्रंथालयांच्या दालनात काचेची मत्स्यपेटी ठेवलेली असते. नवी असताना तिची काच आहे की नाही असा भ्रम व्हावा इतकी ती स्वच्छ दिसते. वर्ष-दोन वर्षांनी मात्र पाण्याच्या पातळीवर पांढरा पट्टा उमटतो, काचेवर केसासारख्या रेषा दिसू लागतात आणि मासे जणू धुक्यातून पोहत आहेत असे वाटते. मग कोणी राख घेऊन, कोणी भांडी घासण्याची भुकटी घेऊन काच घासावयास बसतो, आणि एक दोष घालविताना दहा नवे दोष निर्माण करतो. म्हणून काच धूसर का होते, तिच्यावर चरे कसे पडतात आणि त्यांतील कोणते घालविता येतात, हे प्रथम समजून घेणे इष्ट आहे.

धूसरपणाची कारणे

धूसर दिसणाऱ्या प्रत्येक काचेचा रोग एकच नसतो. पहिला व सर्वात सामान्य प्रकार म्हणजे क्षारांचा थर. विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या जड पाण्यात चुन्याचे क्षार विरघळलेले असतात. पाणी वाफ होऊन उडून जाते, क्षार मागे राहतात आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा पापुद्रा काचेला चिकटतो. दुसरा प्रकार शैवलांचा व जीवाणूंचा. हा थर हिरवट किंवा तपकिरी असून बोटाला बुळबुळीत लागतो. तिसरा प्रकार काचेच्या स्वतःच्या झिजेचा. सामान्य काचेत सिलिका सुमारे ७० टक्के असून उरलेल्या भागात सोडा व चुना हे प्रमुख घटक असतात. काचेचे तक्ते एकमेकांना चिकटून दमट जागी पडून राहिले, तर त्यांच्यामध्ये शिरलेले पाणी काचेतील सोडा हळूहळू ओढून घेते. असे अल्कधर्मी झालेले पाणी पुढे सिलिकेलाच खाऊ लागते, आणि काचेवर दुधट झाक येते. चौथा प्रकार म्हणजे असंख्य बारीक चऱ्यांची जाळी.

यांची परीक्षा सोपी आहे. पेटी रिकामी करून कोरड्या काचेवर व्हिनेगरचा एक थेंब ठेवावा. बारीक बुडबुडे आले तर तो क्षारांचा थर होय. व्हिनेगरमधील ॲसेटिक आम्ल कॅल्शियम कार्बोनेटशी संयोग पावते व कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. अशा थरावर व्हिनेगरने भिजविलेले फडके काही वेळ दाबून ठेवावे आणि नंतर स्वच्छ पाण्याने काच पुन्हा पुन्हा धुवावी. येथे घासण्याची गरज जवळजवळ नसते, कारण काम रसायन करीत असते. आम्लाने फरक पडला नाही तर दिव्याचा प्रकाश तिरपा पाडून पाहावे. रेषा चमकल्या तर ते चरे आहेत. रेषा न दिसता सर्वत्र सारखी झाक दिसली तर काच झिजली आहे असे समजावे. साबण मात्र कधीही वापरू नये. त्याचा अल्पसा अंशही माशांना अपायकारक ठरू शकतो.

चरा कसा पडतो?

खनिजांच्या कठीणपणाची तुलना करण्यासाठी फ्रीडरिक मोस या शास्त्रज्ञाने शंखजिऱ्यापासून हिऱ्यापर्यंत दहा पायऱ्यांची एक श्रेणी ठरविली. तीत सामान्य काच साडेपाचच्या आसपास येते, तर गारेची वाळू सातव्या पायरीवर आहे. अधिक कठीण पदार्थ कमी कठीण पदार्थाला ओरखडतो. मत्स्यपेटीच्या तळाशी वाळू असते. काच पुसण्याच्या स्पंजात किंवा चुंबकी पुसणीत वाळूचा एक कण अडकला की तो छिन्नीप्रमाणे काचेवर फिरतो. चरा पाडणारा गुन्हेगार बहुधा स्पंज नसून स्पंजात लपलेला हा कणच असतो.

दंतमंजनाने चरे जातात असा एक समज आहे. परंतु दंतमंजनातील खडूचा कठीणपणा केवळ तीनच्या जवळपास असतो. त्याने वरचा मळ निघेल, काच झिजणार नाही.

पाण्यात चरा फिका का दिसतो?

काचेचा वक्रीभवनांक सुमारे १.५२, पाण्याचा १.३३ आणि हवेचा १ आहे. दोन माध्यमांच्या अंकांत अंतर जितके अधिक, तितका त्यांच्या सीमेवर अधिक प्रकाश परावर्तित होतो. हवा व काच यांच्या सीमेवर सरळ पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के परततो. पाणी व काच यांच्या सीमेवर तोच आकडा अर्ध्या टक्क्याहून कमी होतो. म्हणून आतल्या अंगावरील चरा पाणी भरताच फिका पडतो, पण बाहेरील चरा तसाच चमकत राहतो. यावरून एक उपयुक्त नियम निघतो. आतल्या बाजूच्या चऱ्यावर श्रम करण्यापूर्वी तो पाण्याने ओला करून पाहावा. ओला असताना तो दिसेनासा झाला, तर त्याला हात न लावणेच शहाणपणाचे.

चरा आणि काचेचे बळ

हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. १०० सेंटिमीटर लांब व ५० सेंटिमीटर उंच अशी काच घ्या. पेटी काठोकाठ भरली असता पाण्याची सरासरी खोली २५ सेंटिमीटर व काचेचे क्षेत्रफळ ५,००० चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे त्या एका काचेवर सुमारे १२५ किलोग्रॅम वजनाइतका जोर सतत पडत असतो. त्यामुळे काच किंचित बाहेर फुगते. वाकविलेल्या वेताच्या फुगीर अंगाला ताण पडतो, तसाच ताण काचेच्या मध्यभागी बाहेरील अंगाला पडतो.

ए. ए. ग्रिफिथ या इंग्लिश अभियंत्याने १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवून दिले, की काच तुटते ती सूक्ष्म भेगांमुळे. ताण भेगेच्या टोकाशी एकवटतो आणि भेग वाढत जाते. खोल चऱ्याच्या तळाखाली अशा भेगा दडलेल्या असतात. यास्तव नख अडकेल इतका खोल चरा बाहेरील अंगावर मध्यभागी असेल, तर तो पुसण्याचा खटाटोप न करता ती काच बदलावी. शेकडो लिटर पाणी व त्यातील जीव यांचा भार अशा काचेवर सोपविणे योग्य नव्हे.

झिलई म्हणजे काय?

नखाला न लागणारे उथळ चरे झिलई देऊन घालविता येतात. चरा भरून काढता येत नाही. त्याच्या सभोवतालची काच तळापर्यंत उतरवावी लागते. झिलई म्हणजे अतिसूक्ष्म ओरखडे, इतके की ते डोळ्यांना दिसत नाहीत, अशी न्यूटनची कल्पना होती. पुढे लॉर्ड रॅले यांनी निरीक्षणांवरून असे मत मांडले, की झिलईत काचेचे तुकडे उडत नाहीत, तर द्रव्य जवळजवळ रेणूरेणूने निघून जाते. आज आपणांस ठाऊक आहे की या क्रियेत पाण्याचाही मोठा वाटा असतो. पाणी काचेचा पृष्ठभाग मऊ करते, झिलईच्या भुकटीचे कण सिलिकेशी रासायनिक बंध जोडतात आणि तिला उचलून नेतात.

पूर्वी यासाठी लोहाचे तांबडे ऑक्साइड वापरीत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास त्याची जागा अधिक वेगाने काम करणाऱ्या सीरियम ऑक्साइडने घेतली. सीरियम हे मूलद्रव्य १८०३ मध्ये सापडले. केरळ व तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील वाळूत मिळणाऱ्या मोनाझाइट या खनिजात ते विपुल असते. या खनिजावर प्रक्रिया करण्याचा कारखाना केरळात आलुवा येथे १९५२ मध्ये सुरू झाला. एका किनाऱ्याची वाळू काचेला ओरखडते आणि दुसऱ्या किनाऱ्याची वाळू तो ओरखडा पुसते, असा हा योग आहे.

प्रत्यक्ष कृती

प्रथम मासे दुसऱ्या भांड्यात हलवावे व पेटी रिकामी करून धुवावी. चरा जेथे असेल त्याच्या मागील अंगावर खडूच्या रंगकांडीने खूण करावी, कारण ओल्या लेपाखाली चरा दिसत नाही. सीरियम ऑक्साइडची भुकटी पाण्यात कालवून पातळ ताकासारखी करावी आणि नमद्याच्या गादीने गोलाकार चोळावी. केवळ चऱ्यावरच चोळू नये. तेथे खळगा पडला की तो भिंगासारखा वागतो व मासे वेडेवाकडे दिसू लागतात. आजूबाजूचा वीतभर भागही त्यात घ्यावा. लेप सुकू देऊ नये. काच हाताला गरम लागली तर थांबावे, कारण एकाच जागी तापलेली काच तडकते. मधून मधून धुऊन पाहावे. हाताने काम केल्यास कित्येक तास लागतात, हे आधीच जाणून असावे. शेवटी भुकटीचा कणही राहणार नाही इतकी काच धुवावी. कोरडी भुकटी श्वासातून आत जाऊ देऊ नये.

झिजून दुधट झालेल्या काचेची वरवरची झाकही याच रीतीने निघते. कडक केलेल्या काचेला हलकी झिलई चालते, पण ती खोलवर घासू नये. तिचे बळ पृष्ठभागातील दाबलेल्या थरात असते. काच विरघळविणाऱ्या हायड्रोफ्लुओरिक आम्लाच्या वाटेस तर कोणीही जाऊ नये. ते त्वचेतून आत शिरून हाडांपर्यंत इजा करते.

पेटी ॲक्रिलिक प्लॅस्टिकची असेल तर वरील रीत लागू नाही. ते काचेहून पुष्कळ मऊ असते. त्यावर क्रमाक्रमाने अधिक बारीक होत जाणारा ओला घासकागद फिरवितात, आणि शेवटी प्लॅस्टिकसाठीचा लेप लावतात. स्पिरिट लावल्यास त्यास तडे जाण्याचा संभव असतो.

चरे पडूच नयेत म्हणून

पुसणी प्रत्येक वेळी वापरण्यापूर्वी वाहत्या पाण्यात धुवावी व बोटाने चाचपून पाहावी. वाळूच्या थराच्या वर दोन बोटे जागा सोडून पुसावे. शैवले आठवड्यास एकदा, ती कोवळी असतानाच, मऊ फडक्याने काढावी. बाष्पीभवनाने पाणी कमी झाल्यास शक्य तर मृदू पाण्याची भर घालावी, म्हणजे क्षारांचा पट्टा वाढत नाही. एक मिनिटाच्या या दक्षतेने कित्येक तासांची झिलई वाचते. वर्गातील विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हे काम केले, तर काच आणि तिच्यापलीकडचे जग ही दोन्ही त्यांना वर्षानुवर्षे स्वच्छ दिसत राहतील.