बेडूक, कायदा आणि प्रॅक्टिकलचे गुण

पंचेचाळिशी ओलांडलेल्या आणि कधी काळी जीवशास्त्र घेतलेल्या बहुतेक मराठी वाचकांच्या स्मरणात मेण ओतलेला ट्रे, टाचण्यांनी ताणून बसवलेला बेडूक आणि जर्नलमधली सुबक आकृती असतेच. गेल्या दशकात पदवीला गेलेल्या मुलांना मात्र हे सांगावे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या सूचना दिल्या आणि २०१४ साली प्राणिशास्त्र व जीवविज्ञानाच्या पदवी आणि पदव्युत्तर वर्गांतून ते बंद केले. काहींना हा भूतदयेचा विजय वाटला, तर काहींच्या मते प्राणिशास्त्राचे प्राणच काढून घेतले गेले. मी या विषयाचा पदवीधर नाही. कायद्याची कलमे आणि जुनी क्रमिक पुस्तके शेजारी ठेवून वाचली तेव्हा असे दिसले की दोन्ही बाजू एका महत्त्वाच्या भेदाकडे काणाडोळा करून भांडत आहेत. तो भेद जिवंत आणि मेलेल्या प्राण्यातला.

विच्छेदन म्हणजे क्लोरोफॉर्मने मारलेल्या प्राण्याची चिरफाड. तिथे शिकायची ती रचना: हृदयाचे कप्पे, आतड्याचे वळसे, मज्जातंतूंचे मार्ग. शरीरक्रियाशास्त्राच्या वर्गातला बेडूक मात्र वेगळा. त्याच्या कवटीमागच्या फटीतून सुई घालून आधी मेंदू आणि मग पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू निकामी करीत. प्रयोगशाळेत याला ‘पिथिंग’ म्हणत. मराठी शब्द कुणी घडवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. असे केल्यावर बेडकाला काही जाणवत नाही असे मानले जाते, पण त्याचे हृदय पुढे कितीतरी वेळ धडधडत राहते. पोटरीचा स्नायू तिच्या मज्जातंतूसकट वेगळा काढायचा, विजेचा हलका धक्का द्यायचा आणि काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर आकुंचनाची रेघ उमटताना पाहायची. हे यंत्र कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये बनवले. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांतून ते विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत फिरत होते.

आणखी एक प्रयोग असे. फक्त मेंदू नष्ट करून मज्जारज्जू शाबूत ठेवलेल्या बेडकाच्या अंगावर आम्लात भिजवलेला कागदाचा तुकडा चिकटवायचा. बेडूक मागचा पाय उचलून तो कागद झटकून टाकतो. मेंदू नसताना! प्रतिक्षिप्त क्रिया म्हणजे काय, हे दहा पाने वाचून जेवढे कळत नाही तेवढे या एका हालचालीत कळते, आणि तीच हालचाल पाहून पोटात कालवाकालवही होते. सगळ्या वादाचे मूळ तिथेच आहे.

वाद जुना आहे. ब्रिटनने १८७६ साली जिवंत प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी कायदा केला. हातसफाई यावी एवढ्यासाठी प्रयोग करायचा नाही, व्याख्यानात प्रात्यक्षिक दाखवायचे तर वेगळे प्रमाणपत्र हवे आणि भूल देणे आवश्यक, अशा त्याच्या अटी होत्या. २ फेब्रुवारी १९०३ रोजी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांसमोर एका तपकिरी कुत्र्यावर लाळग्रंथीचे प्रात्यक्षिक केले. प्रेक्षकांत लिझी लिंड आफ हागेबी आणि लायसा शार्ताऊ या दोन स्वीडिश तरुणी होत्या. कुत्र्याला पुरेशी भूल नव्हती, तो धडपडत होता, असे त्यांनी आपल्या डायरीत नोंदवले. प्राणिप्रयोगविरोधी संस्थेचे सचिव स्टीफन कोलरिज यांनी हा आरोप जाहीर सभेत केला. बेलिस यांनी बदनामीचा दावा लावला, तो जिंकला आणि दोन हजार पौंड मिळवले. पण याच खटल्यात बेलिस यांचे सहकारी अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी कबूल केले की तोच कुत्रा आधीही एका प्रयोगासाठी वापरला होता, आणि कायद्याला ते मंजूर नव्हते. पुढे १९०६ मध्ये बॅटरसी भागात त्या कुत्र्याचा पुतळा उभा राहिला. १९०७ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांनी त्यावरून रस्त्यावर दंगली केल्या. १९१० मध्ये पुतळा रातोरात हलवला गेला. आणि गंमत अशी, की ज्यासाठी हे सगळे रामायण घडले ते प्रात्यक्षिक त्या दिवशी फसलेच होते. अर्धा तास मज्जातंतू उद्दीपित करूनही बेलिस यांना हवा तो परिणाम दाखवता आला नाही.

आपल्याकडे नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्राण्यांच्या छळाविरुद्ध खासगी विधेयक मांडले. पंडित नेहरूंनी सरकारतर्फे कायदा आणण्याचे आश्वासन दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले आणि १९६० साली प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. त्याचे सतरावे कलम प्रत्येक प्राचार्याने एकदा तरी वाचायला हवे होते. त्यात म्हटले आहे की पुस्तके, प्रतिकृती, चित्रपट यांनी काम भागत असेल तर शाळा-महाविद्यालयांत प्रयोग टाळावेत. केवळ हस्तकौशल्य मिळवण्यासाठी प्रयोग करू नयेत, असेही त्यात आहे. ही १८७६ चीच अट, शब्द थोडे बदललेले. म्हणजे ज्या गोष्टी २०१४ मध्ये नव्या म्हणून गाजल्या त्यांचे बीज चौपन्न वर्षे आधीच कायद्यात होते.

त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे. मोठ्या प्राण्यांऐवजी गिनिपिग, ससे, बेडूक, उंदीर अशा लहान प्राण्यांवर भागत असेल तर मोठ्यांवरचे प्रयोग टाळावेत. थोडक्यात, कुत्र्याला वाचवताना कायद्याने बेडकाकडे बोट दाखवले. लहान प्राण्याचे दुःख लहान, असा हा हिशोब मला कधीच पटलेला नाही.

मग चौपन्न वर्षे काहीच का झाले नाही? माझे उत्तर कुणाला रुक्ष वाटेल. प्रॅक्टिकलला गुण होते. बाहेरचा परीक्षक येई, ट्रे पाही, ‘फ्लॅग लेबल’ मोजी आणि गुण देई. गुणांची तरतूद असेपर्यंत महाविद्यालय बेडूक मागवणार आणि पुरवठादार ओढ्या-शेतांतून पकडून आणणार, हे ठरलेलेच. त्या बाजारावर पहिला घाव प्रयोगशाळेबाहेरून पडला. भारतातून बेडकाच्या तंगड्या परदेशी जात. भातशेतीतले किडे खाणारा हा प्राणी घटतो आहे अशी ओरड झाली. १९८५ मध्ये आपल्या मोठ्या बेडकाचा समावेश आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला आणि १९८७ मध्ये निर्यात बंद झाली. वन्यजीव कायद्याचे संरक्षणही त्याला होतेच. (गोव्यात पावसाळ्यात ‘जम्पिंग चिकन’ पकडणाऱ्यांच्या मागे वनखाते लागते ते याच कायद्याच्या आधाराने.) एकीकडे बेडूक पकडणे गुन्हा, दुसरीकडे अभ्यासक्रमात बेडूक सक्तीचा: ही विसंगती अनेक वर्षे कुणाला खटकली नाही.

२०११ च्या सूचना त्या मानाने विचारपूर्वक होत्या. पदवीच्या मुलांनी स्वतः विच्छेदन करायचे नाही, शिक्षकाने एखाद्या प्राण्यावर दाखवायचे. पदव्युत्तर विद्यार्थ्याला विच्छेदन किंवा प्रकल्प यांतून निवड. कॅलिफोर्नियात जेनिफर ग्रॅहम या शाळकरी मुलीने १९८७ मध्ये बेडूक कापायला नकार दिला, त्यातून पुढच्या वर्षी तिथे विद्यार्थ्याला नकाराचा हक्क देणारा कायदा झाला. तोही निवडीचाच मार्ग. २०१४ मध्ये आपण तो मार्ग सोडून सरसकट बंदी स्वीकारली.

इथे वर्गीकरणशास्त्रज्ञांची तक्रार मला रास्त वाटते. लखनौच्या कर्म नारायण बहल यांनी १९२६ मध्ये गांडुळावर जो प्रबंध प्रसिद्ध केला, तो हात न घालता लिहिता आला नसता. सह्याद्रीत आजही नव्या जातींचे बेडूक सापडतात, आणि त्यांची ओळख पटवायला हाडे आणि स्नायू पाहावे लागतात. ते पाहणारे डोळे पडद्यावरच्या चित्रांनी तयार होतील का? संगणकावरचा बेडूक प्रत्येक वेळी पुस्तकासारखाच उघडतो, खरा बेडूक तसा कधीच उघडत नाही. आणि बाजारातून कालवणासाठी आणलेला बांगडा किंवा कोळंबी वर्गात उघडली तर कुणाच्या दुःखात भर पडते? १९६० च्या कायद्यात ‘प्राणी’ या शब्दाचा अर्थ जिवंत जीव असाच दिला आहे.

जिवंत प्राण्याच्या बाबतीत मात्र मी दुसऱ्या बाजूला आहे. स्नायूच्या आकुंचनाची रेघ दीड शतकापूर्वीच नोंदली गेली आहे, आणि ती दरवर्षी नव्या तुकडीसाठी नव्या बेडकातून काढल्याने ज्ञानात काडीची भर पडत नाही. वैद्यकीय परिषदेनेही २०१४ मध्ये पदवीपूर्व शिक्षणात संगणकीय पर्याय स्वीकारले. विद्यार्थ्याला जिवंत स्नायूच पाहायचा असेल तर त्याचा स्वतःचा दंड आहे: त्वचेवर विद्युत्-अग्रे चिकटवून तीच लहर पडद्यावर दिसते, आणि भूल द्यावी लागत नाही.