शॉकअप कडक हवा की योग्य? मुरुमावर धावणाऱ्या रॅली-गाडीविषयी



जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस गोंडपिपरीत उभा राहून शॉकअपवर बोलणार म्हटल्यावर काहींना हसू आलं असेल. विषय आमचा नाही, गावातल्या दोन तरुणांचा आहे. त्यांनी एक जुनी जिप्सी घेतली आहे आणि कच्च्या रस्त्यावरच्या रॅलीत उतरायचं ठरवलं आहे. जुने शॉकअप गळायला लागले, आता कोणते घ्यायचे, म्हणून ते विचारायला आले. शॉकअप कसे बनवतात हे आमचं क्षेत्र नव्हे, पण निवड कशी करावी हा आमच्याच विषयाचा प्रश्न आहे. जाणत्या मेकॅनिकांकडून आणि पुस्तकांतून जे शिकलो ते आज आपल्यासमोर मांडतो.

जिप्सी आपल्याला नवी नाही. ताडोब्याच्या गेटवर रांगेने उभ्या असतात त्याच या गाड्या. मारुतीने ही गाडी 1985 मध्ये आणली, आणि पुढे कित्येक वर्षं ती भारतातल्या रॅलीवाल्यांची हक्काची गाडी राहिली. नाशिकच्या परिसरात राष्ट्रीय रॅली स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत, हिमालयातल्या रॅलीही आहेत. तिथे या गाड्या भरपूर धावल्या. हलकी, साधी, पुढे-मागे अखंड एक्सल आणि चारही कोपऱ्यांना पाटे. पण ताडोब्यातली जिप्सी सहा पर्यटक, गाइड आणि ड्रायव्हर घेऊन सावकाश चालते. रॅलीतली जिप्सी दोघांना घेऊन सुसाट जाते. गाडी एकच, पण काम वेगळं, म्हणून शॉकअपही वेगळा लागतो.

आधी एक गैरसमज दूर करू. गाडीचं वजन शॉकअप उचलत नाही, ते पाटे उचलतात. पाटा दबतो, ताकद साठवतो आणि परत फेकतो. त्याला अडवणारं कोणी नसेल तर गाडी झोपाळ्यासारखी हलत राहील. शॉकअपमध्ये तेल असतं, दट्ट्या असतो, दट्ट्याला बारीक छिद्रं आणि पातळ पोलादी चकत्यांचे व्हॉल्व्ह असतात. तेल त्यातून ढकललं जातं, हालचालीची ऊर्जा उष्णतेत जाते. शॉकअपचं काम एवढंच. त्याचा हेतू मात्र मोठा आहे: टायर जमिनीला टेकलेला राहिला पाहिजे. टायर हवेत असेल तर ब्रेक नाही आणि स्टिअरिंगही नाही. रॅलीत दोन माणसांचा जीव त्या टेकण्यावर असतो.

आता थोडं गणित. आकडे उदाहरणापुरते आहेत. एका कोपऱ्यावर, चाक-एक्सल सोडून, 250 किलो वजन येतं असं धरू. पाटा 1 सेंटिमीटर दबायला 25 किलो लागतात, म्हणजे 25,000 न्यूटन प्रति मीटर. वजन आणि कडकपणा यांचा गुणाकार करायचा, वर्गमूळ काढायचं, दुप्पट करायची. उत्तर येतं 5,000. एवढा अडसर ठेवला तर गाडी एकदाही न झुलता जागेवर येईल. पण एवढा अडसर गाडीत कोणी ठेवत नाही, कारण मग प्रत्येक दगड सरळ पाठीत बसतो. सुरुवात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास करतात, म्हणजे इथे 1,500 च्या जवळपास.

याच गणितातून दुसरी गोष्ट निघते. समजा पाटे 44 टक्के कडक केले, 36,000 चे. पुन्हा हिशेब करा, उत्तर 6,000 येतं. पाटे 44 टक्के कडक झाले, तर शॉकअप फक्त 20 टक्के वाढवावा लागतो. दुकानात ‘पाटे कडक घेतलेत ना, मग शॉकअप सगळ्यात कडक घ्या’ असं सांगतात, त्यात हा वर्गमुळाचा भाग राहून जातो. शिवाय पाट्यांचं एकमेकांवर घासणं हासुद्धा एक अडसरच असतो. गंजलेले, चिखल भरलेले पाटे वेगळे वागतात आणि साफ करून ग्रीस लावलेले वेगळे. म्हणून पाटे आधी नीट करा, शॉकअप नंतर ठरवा.

आता रस्त्याकडे या. उन्हाळ्यात आपल्याकडे पांदणीवर, मुरुमाच्या रस्त्यावर आडव्या लाटा उठतात. वेगाने जाणारी चाकंच सैल मुरूम ढकलून त्या तयार करतात. समजा लाटा एकेक मीटरवर आहेत आणि गाडी ताशी 60 किलोमीटरने जाते आहे. म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटर, आणि तेवढेच धक्के. दोन धक्क्यांमध्ये चाकाला खाली यायला सेकंदाचे जेमतेम सहा शतांश भाग मिळतात.

चाक वर जाताना शॉकअप दबतो, त्याला बंप म्हणतात. खाली येताना तो उलगडतो, तो रिबाउंड. रिबाउंड फार आवळला तर चाक पुरतं खाली यायच्या आत पुढची लाट येते. मग ते आणखी वर जातं. पाच-दहा लाटांत गाडी हळूहळू खाली बसते आणि शेवटी बंपच्या रबरावर आदळायला लागते.

या मुलांचं नेमकं हेच झालं. कुणाकडून तरी घेतलेले, कमी-जास्त करता येणारे शॉकअप लावून एका ओळखीच्यांच्या शेतातल्या रस्त्यावर त्यांनी गाडी चालवली. आम्ही बांधावर उभे होतो. गाडी आदळायला लागली. मुलांना वाटलं शॉकअप नरम पडतोय, म्हणून त्यांनी रिबाउंड आणखी आवळला. पुढच्या फेरीत गाडीचा मागचा भाग भरकटला आणि गाडी आडवी होऊन बांधाला टेकली. कुणाला लागलं नाही, पण आमचे हातपाय थरथरत होते. संध्याकाळी रिबाउंड चार टप्पे सैल केला, तर त्याच वेगात गाडी सरळ गेली. रोग उलटा होता, म्हणून औषधही उलटं पडलं.

इथे आम्हाला ॲरिस्टॉटल आठवला. चांगलं म्हणजे दोन टोकांमधलं, हे त्याचं म्हणणं सगळ्यांना माहीत असतं. पण त्याने लगेच सावध केलं आहे. दहा माप अन्न जास्त आणि दोन माप कमी, म्हणून सहा माप प्रत्येकाला योग्य असं होत नाही. मायलो पहिलवानाला ते कमी पडेल, आणि नुकतीच तालीम सुरू केलेल्याला जास्त होईल. शॉकअपच्या नॉबला वीस टप्पे असतील तर दहावा टप्पा आपोआप योग्य ठरत नाही. योग्य काय ते ही गाडी, हे वजन आणि हा रस्ता पाहून ठरतं.

मग विकत घेताना काय पाहायचं? क्रमाने सांगतो.

पहिलं वजन. दोन माणसं, स्टेपनी, पेट्रोल, लोखंडी पिंजरा, खालचा गार्ड, सगळं चढवून चारही कोपरे तोला. रिकाम्या गाडीचं वजन सांगून शॉकअप मागवू नका.

दुसरं लांबी. चासी टेकूवर पक्की ठेवा, शॉकअप काढा, एक्सल लोंबू द्या आणि वरच्या-खालच्या बोल्टांमधलं अंतर मोजा. मग एक्सल रबर दबेपर्यंत वर उचला आणि पुन्हा मोजा. आतल्या टोकाला शॉकअपची चाल संपण्याआधी रबर टेकलं पाहिजे, आणि दीड-दोन सेंटिमीटर शिल्लक उरले पाहिजेत. बाहेरच्या टोकाला एक्सलचं लोंबतं वजन शॉकअपवर येऊ देऊ नका, त्यासाठी पट्टा लावा. कितीही महाग शॉकअप लांबीत चुकला तर पहिल्याच उडीत फुटतो.

तिसरं उष्णता. 250 किलोचा कोपरा 10 सेंटिमीटर खाली आला की सुमारे 250 जूल ऊर्जा जिरवावी लागते. शॉकअपमध्ये 400 ग्रॅम तेल धरलं आणि सगळी उष्णता त्यानेच झेलली, तर एका धक्क्याला तापमान पाव-अर्धा अंश वाढतं. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण असे 200 धक्के म्हणजे सुमारे 60 अंश. प्रत्यक्षात नळी आणि वारा काही उष्णता नेतात, तरी तेल पातळ होतंच, आणि त्यात हवा मिसळली तर फेस होतो. फेस सहज दबतो, अडवत नाही.

इथून चौथी गोष्ट, बांधणी. दोन नळ्यांचा शॉकअप स्वस्त असतो, आणि बाहेरच्या नळीला दगडाने पोचा पडला तरी आतली नळी बऱ्याचदा शाबूत राहते. पण त्यात फेस लवकर होतो, आणि तो उलटा बसवता येत नाही. एका नळीच्या शॉकअपमध्ये दाबाखालचा नायट्रोजन सरकत्या दट्ट्यामागे वेगळा असतो. त्यात फेस होत नाही आणि नळी थेट वाऱ्यात असल्याने थंडही लवकर होते. मात्र पोचा पडला तर दट्ट्याच अडकतो, म्हणून दगड लागू नयेत यासाठी गार्ड हवाच. बाजूला वेगळी टाकी असलेल्यात तेल जास्त मावतं आणि तेवढ्याच लांबीत चाल जास्त मिळते.

पाचवं, तो उघडून दुरुस्त करता येतो का? सील, तेल, चकत्या कोण बदलून देणार, आणि किती दिवसांत? दर वेळी राज्याच्या दुसऱ्या टोकाला पाठवावा लागणार असेल, तर त्यापेक्षा साधा पण जवळपास दुरुस्त होणारा बरा. स्पर्धेची नियमावलीही खरेदीआधी वाचा. आपल्या गटात काय चालतं ते आधी कळलं पाहिजे.

बसवल्यावर दांड्याला एक प्लॅस्टिकची पट्टी आवळा. ती जिथवर सरकते तिथवर चाल वापरली गेली. एका वेळी एकच बदल करा, तोच रस्ता, तोच वेग, आणि सगळं वहीत लिहा. फेरी संपल्यावर लांबून तापमान मोजणाऱ्या यंत्राने चारही शॉकअप तपासा. जो गार राहिला त्याचं कौतुक करू नका. बहुधा तोच काम करत नाही.

आणि एक विनंती. सराव परवानगी घेऊन खाजगी जागेत करा. जंगलातले रस्ते आपल्या सरावासाठी नाहीत.

मुलांनी परवा विचारलं, ‘सर, मग सगळ्यात चांगला शॉकअप कोणता?’ आम्ही म्हटलं, आधी गाडी तोला, मग या. काल ते वजनकाट्यावर जाऊन आले. मागचा उजवा कोपरा बाकीच्यांपेक्षा बराच जड निघाला. आता निवड सुरू करायला हरकत नाही.