उतारा वाचला जातो, मग डिस्कवर लिहितो कोण?

खरिपाच्या पीककर्जाचे दिवस आले की, अहिल्यानगर जिल्ह्याच्या चौदाही तालुक्यांत सातबाऱ्याच्या उताऱ्यांची मागणी वाढते. १ मे २०१८ रोजी राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. हा उतारा संगणकातील माहितीसंचातून मिळतो. माहितीसंच सांभाळणाऱ्या संगणकास ‘सर्व्हर’ म्हणतात. उतारा पाहणे हे केवळ वाचन होय. तरीही अशा सर्व्हरच्या डिस्कवर कधी कधी अखंड लेखन चाललेले आढळते. काम मंदावते आणि अभिलेखात कोणी फेरबदल तर करीत नाही ना, अशी शंका येते. शंका रास्त आहे. मात्र तिचे निरसन तपासणीनेच व्हावयास हवे.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० नुसार हक्कातील बदल आधी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये येतो. प्रमाणित झाल्यावर त्याचा अंमल सातबाऱ्यास दिला जातो. माहितीसंचाची रीतही अशीच आहे. बदल प्रथम रोजनाम्यात पक्का होतो, मूळ पान मागाहून डिस्कवर उतरते. मध्येच वीज गेली, तरी रोजनाम्यावरून पान पुन्हा उभे करता येते. एका बदलामागे दोन वेळा लेखन होते, ते यामुळेच.

वाचनातूनही लेखन घडते. ‘पोस्टग्रेस’ या मुक्त प्रणालीचे उदाहरण घेऊ. क्रमवारी लावण्यास तेथे मूळ मांडणीत चार मेगाबाइट स्मृती मिळते. माहिती त्यात न मावल्यास तात्पुरत्या फाइली डिस्कवर तयार होतात. मोठ्या भरणीनंतर प्रथम वाचन होताना ‘ही नोंद कायम झाली’ अशा खुणा पानांवर केल्या जातात. कालबाह्य नोंदींची सफाई पार्श्वभूमीवर चालू असते. प्रत्येक विचारणेची टिपणे ठेवण्याचा आदेश असेल, तर तीही डिस्कवरच साठतात.

म्हणून प्रथम कोणती प्रक्रिया लिहीत आहे, हे ‘आयओटॉप’सारख्या साधनाने पाहावे. नंतर कोणती फाइल वाढते, ते शोधावे. तात्पुरत्या फाइली वाढत असल्यास त्यामागील विचारणा सुधारावी. टिपणे वाढत असल्यास ती आवश्यक तेवढीच ठेवावीत. रोजनामा वाढत असल्यास बदल कोणत्या कार्यक्रमातून व कोणाच्या नावे होत आहेत, याची छाननी करावी. एका वेळी एकच दुरुस्ती करून परिणाम मोजावा.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. जागा भरली म्हणून रोजनाम्याच्या फाइली हाताने पुसू नयेत. त्या कप्प्याच्या नावात ‘लॉग’ हा शब्द होता. ती निरुपयोगी टिपणे समजून अनेकांनी पुसली व माहितीसंच गमावले. अखेर २०१७ मधील दहाव्या आवृत्तीत ते नावच बदलण्यात आले. फेरफार नोंदवही फाडून दफ्तरात जागा करण्याचा विचार कोणी करणार नाही. येथेही तोच विवेक हवा. कारण त्या पानांवर शेतकऱ्याच्या जमिनीचा हक्क नोंदलेला असतो.