ठोका खालून येतो

ट्रकच्या इंजिनाचं वरचं काम संपलं की धूर सांगतो, खालचं, म्हणजे क्रँक-बेअरिंगचं, संपलं की ठोका. धुराला मालक सहा-सहा महिने दाद देत नाही; गाडी थोडं ऑइल पिते, एवढंच. ठोक्याच्या बाबतीत ही चैन चालत नाही. ‘एवढी एक खेप मारून येऊ, मग बघू’ म्हटलेली गाडी पुष्कळदा टोचन लावून परत येते. नशीब फारच फिरलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड ब्लॉकला भोक पाडून बाहेर डोकावतो, आणि हजारांचं काम लाखांत जातं.

निफाड तालुक्यात हे दुखणं जुनं. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतचा कांदा न्हावाशेवा बंदराकडे नाहीतर राहूड घाट चढून उत्तरेकडे जातो. द्राक्षांच्या दिवसांत तर गाडीला उसंत नसते. लोड गाडी वरच्या गिअरमध्ये रेटत घाट चढवली की आरपीएम पडतो, ऑइल पंपाचा दाबही पडतो आणि सगळा भार बेअरिंगवर येतो. त्यात इथली थंडी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात बातमीत असतो. पहाटेच्या त्या गारठ्यात चेंबरमधलं ऑइल काकवीसारखं झालेलं असतं, ते क्रँकपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि ड्रायव्हर मात्र स्टार्ट होताच ॲक्सिलेटर दाबून इंजिन ‘गरम’ करतो. बेअरिंगची खरी झीज तिथे होते.

चालू इंजिनात क्रँक बेअरिंगला टेकलेला नसतो, तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. १८८३ साली इंग्लंडमध्ये बीचम टॉवर या इंजिनिअरनं रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करताना माथ्यावरचं तेलाचं भोक बुचानं बंद केलं, तर आतल्या दाबानं ते बूचच वर ढकललं गेलं. दांडा फिरताना तेल स्वतःच दाब तयार करतं आणि त्यावर भार पेलतं, हे तिथे दिसलं. तीन वर्षांनी ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं. हा थर राहायला क्रँकचं जर्नल आणि त्याभोवतीचे बेअरिंगचे शेल यांच्यात साधारण केसाच्या जाडीइतकी फट लागते. कमी पडली तर बेअरिंग पकडतं, जास्त झाली तर ऑइल बाजूनं निसटतं, दाब बसतो आणि ठोका सुरू होतो. खालच्या कामाचा सगळा खटाटोप या फटीसाठी.

म्हणून माझं मत असं, की पैसे कमी असतील तर ते आधी मापावर खर्च करावेत आणि मग पार्टवर. आपल्याकडे उलटं चालतं. चेंबर उतरवला, शेल काढले, दुकानातून तसलेच नवे आणून बसवले, दोन दिवसांत गाडी रस्त्यावर. जर्नल झिजून अंडाकृती झालं असेल तर त्यावर नवे शेल म्हणजे पैसे पाण्यात.

टाटाचं जुनं ६९७ इंजिन घ्या. नावातच सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर बोअर आहे. टेल्कोनं १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी करार केला, त्या घराण्यातलं हे इंजिन, स्ट्रोक १२८. त्याच्या क्रँकला मेनची सात आणि बिग एंडची सहा, अशी तेरा जर्नलं. प्रत्येकावर मायक्रोमीटर दोन जागी लावायचा आणि प्रत्येक जागी आडवा-उभा. म्हणजे बावन्न आकडे. क्रँक ग्राइंडिंगवाल्याकडे जर्नल चिंधीनं लख्ख पुसलं जातं, मिस्त्री मायक्रोमीटरची रॅचेट टिकटिक करेपर्यंतच फिरवतो, जोर देत नाही, आणि पोऱ्या आकडे खडूनं फरशीवर लिहितो. आडवं-उभं यात फरक आला तर जर्नल अंडाकृती, दोन टोकांत आला तर टेपर. सगळं कंपनीनं दिलेल्या मर्यादेत असेल तर नुसतं पॉलिश करून स्टँडर्ड शेल बसतात. हेच सर्वांत स्वस्त काम, आणि ते मापल्याशिवाय कळत नाही.

मर्यादेबाहेर असेल तर ग्राइंडिंग. पहिली पायरी पाव मिलिमीटर, पुढे अर्धा, पाऊण, एक. शेलच्या पाठीवर तोच आकडा छापलेला असतो. लागेल तेवढंच कापावं. ‘एकदाच जास्त घेऊन टाका’ म्हणणारा पुढच्या वेळचा क्रँक आजच खाऊन टाकतो. जर्नल आणि वेबच्या कोपऱ्यातली गोलाई ग्राइंडिंगमध्ये चौकोनी झाली तर तडा तिथूनच जातो, तेव्हा तिच्यावर मालकानं स्वतः नजर टाकावी. क्रँक नायट्राइड केलेला असेल तर कडक थर अगदी पातळ असतो. ग्राइंडिंगनंतर तो पुन्हा करून घ्यावा लागतो.

जुने शेल मात्र फेकू नयेत. ते क्रमानं मांडले की आजार वाचता येतो. सगळ्यांवर बारीक रेघा म्हणजे ऑइलमध्ये कचरा. एकच शेल घासून तांबं दिसायला लागलं असेल तर त्याच्या वाटेतलं भोक तुंबलंय. सगळेच घासले असतील तर ऑइल कमी होतं किंवा पंप थकलाय. एकाच कडेला झीज असेल तर रॉड वाकडा असू शकतो. कारण न काढता नवे शेल टाकले तर तोच आजार परत येतो.

शेलमागे पत्री टाकून किंवा कॅप घासून फट ‘घट्ट’ करणं ही जुनी सोय अजून चालते. तिनं गोल भोक गोल राहत नाही; ठोका थोडे दिवस गप्प बसतो, मग आधीपेक्षा मोठ्यानं बोलतो. मेनचे कॅप ब्लॉकला लावूनच बोअर केलेले असतात, त्यामुळे त्यांची अदलाबदल करायची नाही. खोलण्याआधीच पंचनं खुणा माराव्यात.

बचत करायची खरी जागा मजुरीत आहे, आणि ती मालकाच्या हातात आहे. क्रँकमधल्या ऑइलच्या वाटांचे प्लग काढून त्या डिझेल, तारेचा ब्रश आणि हवेनं साफ करणं हे काम कंटाळवाणं म्हणून टाळलं जातं. ग्राइंडिंगची भुकटी तिथेच दडून राहते आणि पहिल्याच स्टार्टला नव्या शेलवर जाते. हे काम स्वतः बसून करावं. ऑइल पंपाच्या गिअरची फट फीलर गेजनं बघावी; पंप शंकास्पद असेल तर तिथे हात आखडता घेऊ नये. थ्रस्ट वॉशर छोटा दिसतो, पण क्लच पायाखाली दाबून चालवणाऱ्या ड्रायव्हरचं सगळं त्यालाच सोसावं लागतं. डायल लावून क्रँकची पुढे-मागे हालचाल मोजून घ्यावी.

बसवताना शेलच्या पाठीला ऑइल नको, तोंडाला भरपूर हवं. प्रत्येक कॅप टॉर्क पान्यानं टप्प्याटप्प्यानं कसला की क्रँक हातानं फिरवून बघायचा. एखाद्या कॅपनंतर अडखळला तर चूक त्याच कॅपवर. सगळं बांधून झाल्यावर अडखळला तर चूक कुठल्या कॅपवर, हे कळत नाही.

पहिल्या स्टार्टआधी स्टॉप केबल ओढून, डिझेल बंद ठेवून सेल्फ मारायचा, थोडं थांबून पुन्हा मारायचा, मीटरवर ऑइलचा दाब दिसेपर्यंत. कोरड्या बेअरिंगवर सुरू झालेलं इंजिन पहिल्या मिनिटातच नव्या कामाची वाट लावतं. पहिलं ऑइल नेहमीच्या मुदतीच्या कितीतरी आधी काढावं, फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात पसरावा. काळसर गाळ चालेल. तांबूस चमक दिसली तर ग्राइंडिंगचं बिल घेऊन दुकानात परत जावं, आणि लोड धरू नये.